स्वच्छ दाणा

आत्याच्या शेताशेजारचा बॅटरीचा कारखाना केव्हाच बंद पडला, पण त्याचं विषारी कॅडमियम मातीत मुरलं. तिथला गहू खायची सोय राहिली नाही. म्हणून तिच्या शास्त्रज्ञ भाचीने त्याच शेतात गव्हाचं नवं वाण पेरलं. आज दाण्यांची तपासणी होती आणि आत्या प्रयोगशाळेतच ठाण मांडून बसली होती. यंत्राने आकडा दाखवताच भाचीने टाळी वाजवली. "आत्या, दाणा स्वच्छ आहे!" "मग विष गेलं कुठे?" "मुळांनी अडवलं. मुळांच्या पेशी चिमुकली प्रथिनं बनवतात. ती धातूला घट्ट पकडतात आणि पेशीतल्याच पिशवीत कोंडतात." आत्याने उरलेल्या दाण्यांनी मूठ भरली आणि चार दाणे तोंडात टाकले. "अगं, इथे खायला मनाई आहे!" "असू दे. इतक्या वर्षांनी घरचा गहू चावतेय." भाचीने हळूच दार लोटून घेतलं आणि तळहात पुढे केला.