साच्यातला खळगा

सुताराचा अंगठा साच्याच्या वळणावरून सरकत गेला आणि कुठेच अडखळला नाही. तरी त्याने पुन्हा कानस उचलली. आठ दिवस घासून घासून अंगठा इतका बधिर झाला होता की त्याच्यावर विसंबायची सोय उरली नव्हती.

खिडकीपाशी स्टुलावर त्याची धाकटी बहीण बसली होती. उजव्या डोळ्यावर बँडेज. दवाखान्यातून आल्या आल्या ती एवढंच म्हणाली होती, "दादा, धनुष्याचा नवा साचा कर. आता नेम डाव्या डोळ्याने धरायचा, मूठ तेवढी डावखुरी काप. साच्याला कुठे उजवं-डावं असतं?" त्यानंतर रोज दुपारी येऊन बसायची. त्याची मान वर करून बघायची हिंमत होत नसे.

जुना साचाही त्यानेच केला होता. लाकडाच्या पातळ पट्ट्यांना सरस लावायचा, एकीवर एक ठेवून साच्यावर क्लॅम्पने आवळायच्या, वाळल्या की धनुष्याचा बाक पक्का. तेव्हा वळणावर त्याचा अंगठा एका जागी थांबला होता. केसभर खळगा. 'क्लॅम्प आवळले की बसेल,' म्हणून त्याने वेळ मारून नेली. पट्टी तिथे चिकटलीच नाही. सरावात तिसऱ्याच बाणाला धनुष्य उकललं आणि ढलपी तिच्या डोळ्यात घुसली. सगळ्यांनी लाकडाला बोल लावला. तोही मूग गिळून बसला. तेव्हापासून त्याला स्वतःच्या हातांची शिसारी आली होती.

त्याने कानस खाली ठेवली. "झाला. याहून मला जमायचं नाही," तो म्हणाला, आणि मग त्याला राहवेना. "त्या साच्यात खळगा होता गं. मला माहीत होतं. तुझा डोळा मीच घालवला."

"माहितीये." ती उठून जवळ आली. "तुझा अंगठा थांबलेला मी पाहिला होता. पण चार दिवसांवर स्पर्धा होती. तू पुन्हा घासत बसला असतास तर धनुष्य वेळेत झालं नसतं. म्हणून मीही गप्प बसले."

सुताराने एवढे दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं दोघांचं निघालं, पण हलकं काही झालं नाही. डोळा थोडाच परत येणार होता?

तिने साच्यावर हात ठेवला. उरलेला डोळा मिटून घेतला आणि वळणावरून हळूहळू अंगठा फिरवू लागली. अर्ध्यावर तो थांबला.

"दादा," ती म्हणाली, "इथे."