सांभाळलेले कॉम्प्युटर

पैठण रस्त्यावरच्या एका खेड्यात त्रिंबक गुरुजींनी शाळेचे सरकारी कॉम्प्युटर खुशाल पोरांच्या हवाली केले होते. मेंढपाळाची सातवीतली साळू तर अख्ख्या वस्तीचे अर्ज टाइप करून द्यायची. नव्या दहा कॉम्प्युटरांसाठी तालुक्यातून एकच शाळा निवडायची होती. त्यामुळं तपासणीला साहेब आले तेव्हा गुरुजींनी मोठ्या हौसेनं साळूलाच पुढं केलं.

साहेबांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. ते वाकून कीबोर्ड न्याहाळत होते.

"गुरुजी, ह्याच्यावरची अक्षरं पुसून गेलीत!"

"व्हय साहेब. पोरं रोज बसतात ना."

"सरकार शिक्षणावर एवढा पैसा ओततं, तो ह्यासाठी? शेजारच्या गावच्या हेडमास्तरांकडं बघा जरा. सहा वर्षं झाली, वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. ह्याला म्हणतात जबाबदारी!"

दहाच्या दहा कॉम्प्युटर शेजारच्या गावाला गेले. अहवालात त्या शाळेच्या नावापुढं 'निधीचा आदर्श वापर' असा शेरा पडला, आणि त्रिंबक गुरुजींच्या हातात नासधुशीची नोटीस.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शेजारच्या हेडमास्तरांचा गुरुजींना फोन आला.



"गुरुजी, उद्या तुमची ती साळू घंटाभर पाठवून द्या की. साहेब कॉम्प्युटर चालू करायला येणारेत, अन् बटण कुठंय ते ना त्यांना ठाव, ना आमच्या शाळेत कुणाला!"