घरच्या माणसाले फोन द्या

सत्तरी ओलांडल्यावर सानगडीच्या मारोतरावांचा आवाज बारीक होत गेला. यंदा उन्हाळी धानाच्या बांधीला भेगा पडल्या आणि नहराच्या पाण्याची त्यांची पाळी दुसऱ्यांदा चुकली, तेव्हा त्यांनी पाणीवाटप संस्थेच्या नव्या सचिवाला फोन लावला. सचिवाने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, पाण्याचं तुम्हाले नाही समजत," त्याने अर्ध्यातच तोडलं. "घरच्या माणसाले फोन द्या."

मारोतरावांनी फोन बायकोपुढे धरला. "घे वं. माणसाले मागून राहिला."

चंद्रकांताबाईंचा आवाज त्याच वर्षांत जाड आणि घोगरा झाला होता.

"आमची पाळी दोन्ही खेपेले कोणाले देली?" त्यांनी विचारलं.

सचिव लगेच नरमला.

"चुकी झाली, काकाजी. उद्या सकाळीच तुमच्या बांधीत पाणी सोडतो."

 

"सोड. अन् पाणी कोणी मागतलं, तिथं माहं नाव लिहजो, चंद्रकांताबाई. घरच्या माणसाले तर तू मघाशीच बाई म्हणून बसला."