उद्या या

"वेळ संपली. उद्या या."

वॉर्डाच्या दारातून आवाज आला आणि पहिल्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने डोळे न उघडताच मान डोलावली. सूर बरोबर लागला होता. 'उद्या'वर जोर नाही, 'या'वर जोर नाही, कुठेच जोर नाही. त्यानेच शिकवलं होतं. दारावरचा पहारेकरी त्याचा मुलगा होता.

मुलाच्या आधी तिथे म्हातारा असायचा. अख्खं इस्पितळ त्याला कुलूप म्हणायचं, तोंडावर कुलूपसाहेब. मुलगा जन्मला तेव्हाही त्याला बघायला तो भेटीच्या वेळीच गेला होता, पास घेऊन, रांगेतून. पास त्यानेच दिला होता आणि त्यानेच तपासला होता.

"अरे, तुझ्या वडिलांनीच बोलावलंय मला." बाहेरचा आवाज चर्चमध्ये नव्यानेच आलेल्या पाळकांचा होता. "एक लग्न लावून तसाच धावत आलोय. डॉक्टर म्हणाले, सकाळचं काही खरं नाही."

"असेल. पण पास नाही तुमच्याकडे."

"मी पाळक आहे रे!"

"पाळकांनाही लागतो. बाबांचाच नियम आहे."

म्हाताऱ्याने पुन्हा मान डोलावली. मग त्याच्या लक्षात आलं की मरणारा आपण आहोत.

शेजारच्या खाटेवर ब्लेड होता. धंदा खिसे कापण्याचा, म्हणून नाव ब्लेड. फुप्फुसं कामातून गेलेली. काल पाळक आले होते ते म्हाताऱ्यासाठीच, पण खाट चुकले आणि ब्लेडशी बोलत बसले. ख्रिस्ताबद्दल सांगितलं. ब्लेड रडला, "हो, माझा विश्वास आहे," म्हणाला. पाळक म्हणाले, "झालं. तू आता त्याचा." तेवढ्यात घंटा वाजली आणि मुलाने पाळकांना बाहेर काढलं.

म्हाताऱ्याच्या घशात काल संध्याकाळपासून ते 'झालं' अडकलं होतं.

"एवढ्यात झालं?" त्याने आता परत विचारलं. "मी एक रविवार चुकवला नाही. दारूचा थेंब नाही. सगळे उपवास केले. खोटं बोलायला लागू नये म्हणून कुठल्या लग्नात जेवण कसं होतं ते कुणाला सांगितलं नाही."

"मग घाबरताय कशाला, साहेब? तुमची तयारी तर जबरी आहे."

म्हाताऱ्याने मान दाराकडे वळवली.

"मला दाराचं काम माहीत आहे," तो म्हणाला. "तपासणारा नीट तपासायला लागला तर आत कुणीच जात नाही. काहीतरी सापडतंच. सही पुसट असते, तारीख कालची असते. मी किती जणांना 'उद्या या' म्हणालो. त्यातल्या काहींना उद्या यायची गरजच उरली नाही." त्याने दम घेतला. "तिथल्या दारावर मी असतो ना, तर मला आत सोडलं नसतं."

ब्लेड हसायला गेला आणि खोकत बसला.

"आपण तर कुठेच पासवर गेलो नाही," श्वास परत सापडल्यावर तो म्हणाला. "ज्याच्याकडे पास आहे, त्याला चिकटायचं. सदऱ्याचं टोक धरायचं. तो म्हणतो, हा माझ्याबरोबर आहे. आपण मान खाली घालून आत."

"मी असं कुणाला सोडलं नाही."

"माहितीये. धंद्यात बदनाम होतं तुमचं दार. पण पाळक म्हणाले, तिथे असंच चालतं. तो म्हणतो, हा माझ्याबरोबर आहे. खलास."

"आणि तू जे केलंस, त्याचं काय?"

"त्याची शिक्षा तो आधीच भोगून आलाय म्हणे."

"हे नियमात बसत नाही."

"नाहीच बसत. म्हणून तर मी आत."

बाहेर पाळकांनी सुस्कारा टाकला. "बरं बाबा. उद्या येतो." पावलं वळली.

म्हातारा उठायला गेला. हाताची सुई ओढली गेली, पण आवाज फुटेना. ब्लेडने असतील नसतील तेवढे श्वास गोळा केले आणि ओरडला, "ए कुलपाच्या पोरा! अडव त्यांना!"

"अडवलंच आहे की," मुलगा म्हणाला.

"बाळा," म्हातारा म्हणाला.

मुलाने दाराच्या साखळीवरचा हात न काढता आत डोकावून पाहिलं. ड्युटीवर असताना बाबांनी त्याला कधी बाळा म्हटलं नव्हतं.

"सोड त्यांना."

मुलगा सावध झाला. काम शिकवताना बाबा अशीच परीक्षा घ्यायचे. दाराबाहेर उभं राहून गयावया करायचे, आई मरतेय म्हणायचे, पाया पडायचे. सोडलं की कानाखाली.

"बाबा, पास?" त्याने शिकवल्यासारखं विचारलं.

"नाही," म्हातारा म्हणाला. "त्यांच्याकडे नाही. माझ्याकडेही नाही."

मुलाने बाबांच्या गालावरचं पाणी पाहिलं. परीक्षेत बाबा रडायचे नाहीत.

साखळी निघाली. जन्मभर स्वतःच्या हाताने काढलेला तो आवाज म्हातारा पहिल्यांदाच आडवं पडून ऐकत होता. लांब गेलेली पावलं थांबली, मग परत येऊ लागली.

"सोडलं रे," त्याने शेजारी मान वळवून सांगितलं.

ब्लेड खोकला नाही. त्याचं तोंड भिंतीकडे होतं. एक हात खाटेबाहेर आला होता आणि मूठ मिटलेली होती, कुणाच्या तरी सदऱ्याचं टोक धरून चालताना असते तशी.