बोट पळत का नाही?

"अगं, पूर्वी ही बोट वाऱ्यासारखी पळायची," बाबा पुन्हा म्हणाले आणि मी कपाळावर हात मारला. माझं लग्न झाल्यापासून ताडपत्रीखाली पडलेली मोटरबोट त्यांनी निवृत्त झाल्यावर बाहेर काढली आणि तेव्हापासून माझा एकही रविवार माझा राहिला नव्हता. तळ खरवडून झाला, पंखा बदलला, पेट्रोलचा फिल्टर नवा टाकला. वेगाचा लिव्हर कितीही पुढे रेटला तरी बाईसाहेब आपल्या म्हशीसारख्या डुंबत चालायच्या.

बाबा टोपी आणायला शेडमध्ये गेले, तेवढ्यात आज बोलावलेल्या मेकॅनिकने इंजिनाचं झाकण उचललं. "ताई, इंजिन ठणठणीत आहे. लिव्हरची वायर पूर्ण ओढलीच जात नाही. मध्ये हा लाकडाचा तुकडा आहे. कुणीतरी मुद्दाम बांधलाय."

तुकडा सायकलच्या ट्यूबने करकचून बांधला होता. मोडकी खुर्ची, गळका नळ, घरातलं सगळं बाबा असंच बांधायचे. मी बोट चालवायला शिकत होते तेव्हा, ती पळत का नाही म्हणून मी त्यांचं डोकं खायचे आणि ते गंभीर चेहऱ्याने दर रविवारी प्लग बदलायचे. आता तो तुकडा ते स्वतःच विसरले होते.

"काढून टाकू?" मेकॅनिकने विचारलं.

इतक्यात टोपी उलटी घालून बाबा धक्क्यावर आले. बोटीत उतरताना त्यांचं पाऊल दोनदा चुकलं. "काय गं, सापडलं का काही?"

मी झाकण लावून टाकलं.

"नाही, बाबा. पुढच्या रविवारी प्लग बदलून बघू."