भलतंच

बाबांना पावसहून रत्नागिरीला दवाखान्यात आणलं, तेव्हा त्यांना ना ताप होता, ना कुठे दुखत होतं.

"मग त्रास काय होतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

आई रडवेली झाली. "जेवताना मला म्हणाले, सुनेत्रा, कुळथाची पिठी झकास झालीय. लग्न झाल्यापासून माझ्या हातच्या एका पदार्थाला बरं म्हटलेलं नाही हो यांनी!"

डॉक्टर हसले, पण त्यांनी रक्त तपासलं. "रक्तातलं मीठ, म्हणजे सोडियम, फार उतरलंय. अशा वेळी मेंदूच्या पेशींत पाणी शिरतं, त्या फुगतात. माणूस भलतंच बोलायला लागतो."

"तरीच," आई म्हणाली.

सलाईन लागलं. दोन दिवसांनी डब्यातली पिठी चाखून बाबांनी तोंड वाकडं केलं. "अळणी झालीय गो." आईने तिथल्या तिथे देवाला हात जोडले.

बाबांना जाऊन आता वर्ष होत आलं. काल जेवताना मी सहज म्हटलं, "आई, पिठी छान झालीय."

आईने डाव्या हाताने माझं कपाळ चाचपलं आणि मिठाची बरणी माझ्या ताटाशी सरकवली.