तिच्या हातचा धागा
प्रयोगशाळेत कोळ्याच्या जाळ्यासारखा कृत्रिम धागा अखंड काढणं तिलाच जमायचं. म्हणूनच सरांनी तिचा माहेरगावी बदलीचा अर्ज तीनदा परत पाठवला होता. "तुमच्यासारखा हात कोणाचाच बसलेला नाही," ते म्हणायचे. तिथे आजोळी वाढणारी तिची लेक काल फोनवर आजीलाच आई म्हणाली. हात बिघडलाय असं वाटलं तरच सर सोडतील, म्हणून आज धागा पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर धागा तोडायचं ठरवून ती यंत्रापाशी बसली. सुईतून द्रावणात उतरलेला तंतू तिने रिळावर घेतला आणि रीळ जोरात फिरवलं. धागा तुटेना. मन घट्ट करून तिने वेग आणखी वाढवला, तेव्हा तुटला. पाहुणे हळहळले. सर शांतपणे म्हणाले, "यांच्याही हातून तुटला, म्हणजे धागाच अजून कच्चा आहे." मग तिच्याकडे वळले. "आता दोन वर्षं तरी तुम्हाला सोडता येणार नाही." तिने नवा तंतू उचलला.